कडीचं पोलाद

थप्पड तशी मोठी नव्हती. नेव्यानानं आयुष्यात याहून कितीतरी मोठ्या खाल्ल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक याच हाताच्या. सकाळचे पावणेआठ झाले होते. मारित्सा नदीवरचं धुकं पत्र्याच्या दारातून आत शिरून भट्टीच्या तोंडाशी घुटमळत होतं. पाच वर्षांची राडा बालवाडीला जाण्याआधी चीज भरलेल्या बानित्सा पोळीचा तुकडा खात खात मोटरीवर चालणाऱ्या मोठ्या घणाभोवती फिरत होती, आणि फिरता फिरता तिनं घण पाडायच्या, बुडाशी असलेल्या पायपट्टीवर आपला लाल बूट ठेवला. मोटर बंद होती. घण हललासुद्धा नाही. पण म्हातारा स्टामात, नेव्यानाचा बाप, दोन ढांगांत तिथं पोचला आणि त्याचा उघडा, आडवा हात मुलीच्या कानावर बसला. बानित्सा राखेत पडली. "घणाला पाय लावतेस? तंगडी तुटेल तेव्हा कळेल," असं म्हणून तो पाठ फिरवून कोळसे ओढायला लागलाही, माशी हाकलावी तसा. राडा रडली नाही. मुलीनं मान खांद्यांत ओढून घेतली, नजर जमिनीला लावली आणि दुसरी येते का याची वाट बघत उभी राहिली. पाच वर्षांच्या जिवाला हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. डोळ्यांचा रंग यावा तसं ते आजोळाहून आपसूक आलं होतं.

बालवाडीपर्यंतच्या वाटेवर नेव्यानानं तिची टोपी दोनदा खाली ओढली. कान टोपीतूनही तापलेला लागत होता. "आई, चूक माझीच ना?" राडानं विचारलं, आणि नेव्यानाच्या जिभेवर उत्तर तयार होतं, पाठ केल्यासारखं तयार: अगं, आजोबांना तुझी काळजी वाटते, म्हणून. हे वाक्य तिच्या आईचं होतं. फुटलेल्या ओठानं, भांडी घासता घासता, आई ते वाक्य तिच्या हातात खाऊसारखं ठेवायची. नेव्यानानं ते गिळलं. "नाही," ती म्हणाली, "तुझी चूक नाही." राडानं विश्वास न ठेवल्यासारखं वर पाहिलं. बालवाडीच्या दारात तिचे बूट बदलून देताना नेव्यानाला तिची पावलं हातात घेऊन तशीच बसून राहावंसं वाटलं. इवलीशी, ऊन, पावासारखी मऊ पावलं. बाईंनी विचारलं, "कान लाल कशानं झाला हो?" आणि नेव्याना म्हणाली, "थंडीनं." परत येताना ती पुलावर थांबली. आपण किती चटकन, किती सफाईनं खोटं बोललो, हे तिला खाली पाण्यात दिसत होतं. तिच्या आईनंही पहिल्यांदा असंच थंडीनं, जिन्यावरून, दाराची फळी लागून, असं काहीसं सांगितलं असणार. पहिल्यांदा जड गेलं असेल. मग जड जाईनासं झालं असेल.

ती दुकानात शिरली तेव्हा स्टामातनं वर न बघताच काम सांगितलं. चर्चच्या कुंपणाचे गज जाड होते, मनगटाएवढे. ते तापवून घणाखाली तोडायचे, तर छिन्नी हवी, आणि जुन्या छिन्नीचं डोकं आळंब्यासारखं पसरून फाटलं होतं. "नवी कर. दुपारच्या आत. चार दिवसांवर अतानासचा सण आलाय, लोहारांच्या सणाला लोहाराच्या घरी अर्धं काम पडलेलं नको. पोलाद तूच निवड, आता कळतं तुला." नेव्याना चौतीस वर्षांची होती आणि पाच वर्षं या घणापाशी काम करत होती. नवरा स्पेनला ट्रक चालवायला गेला, आधी पैसे येईनासे झाले, मग फोन. ती तान्ह्या राडाला घेऊन बापाच्या दारात उभी राहिली तेव्हा बाप म्हणाला होता, "पाळणा भट्टीपासून लांब ठेव." बस एवढंच. तेव्हा तिला ती माया वाटली होती. भुकेल्या माणसाला भुशातही दाणे दिसतात.

मागच्या भिंतीशी लाकडी खोका होता, भंगारातून आणलेल्या पोलादाचा. ती त्याच्यापुढं उकिडवी बसली. एरवी हे काम तिच्या आवडीचं. घणाखाली धरायचं हत्यार निवडणं म्हणजे कुणाला मधे उभं करायचं ते ठरवणं: वरून दीडशे किलोंचा ठोकळा पडणार, खाली तसाच टणक ठोकळा, आणि या दोघांच्या दातांत सापडून ज्याला मार पुढं पोचवायचा आहे, तो कसा हवा? ट्रकच्या आसाचा तुकडा तिनं उचलला. हा सोसणारा. डोकं चेपलं तरी चेपू देतो, तुटत नाही, लोहार डोळे मिटून आसच घेतात. मग कमानीचा पाटा. हा वाकतो, थरथरतो, मार अंगावर घेऊन तो मूठ धरणाऱ्याच्या कोपरापर्यंत पाठवतो. आणि तळाशी, तेलकट चिंधीत, बेअरिंगची जाड कडी. बंद पडलेल्या गिरणीतून आलेली. हिच्यासारखी धार कुणाची नाही आणि हिच्यासारखा घात कुणाचा नाही. तापवून पिंपात बुडवून नुसतं पाणी देऊन, मग पुन्हा ऊब देऊन ते न उतरवता, हिला घणाखाली धरलं तर ती काच होते. टणकावर टणक आपटलं की एक कण सुटतो, मसुराएवढा, आणि तो बंदुकीच्या गोळीसारखा जातो. गल्लीतल्या गेंचोचं तसंच झालं होतं. नेव्याना तेव्हा बारा वर्षांची. गेंचो आपल्या घणापाशी बसला होता, एक घाव पडला, आणि तो "अरे," एवढंच म्हणाला, नवल वाटल्यासारखं. पोटाच्या खाली जांघेत एवढंसं भोक, त्यातून रक्तही फारसं नाही. सगळं रक्त आतल्या आत वाहिलं. अॅम्ब्युलन्स पुलावर असतानाच तो गेला. अंत्यविधीला सगळे लोहार म्हणाले, हत्यार त्यानं स्वतःच केलं होतं, दोष कुणाला द्यायचा? आणि बायकोला म्हणाले, त्याला काही कळलंसुद्धा नाही.

चिंधी उघडताना तिचे हात अगदी शांत होते. आसाचा तुकडा तिनं परत खोक्यात ठेवला, आवाज न करता, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा.

या गल्लीत रीत आहे की नव्या हत्याराचा पहिला घाव ज्यानं ते केलं त्यानं धरायचा. आपल्या हातचं आधी आपल्या अंगावर. पण स्टामातच्या दुकानात ही रीत बाईला लागू नव्हती. बाईनं पहिला घाव धरला की हत्याराची आब जाते म्हणे. पाच वर्षांत नेव्यानानं केलेल्या प्रत्येक हत्याराचा पहिला घाव त्यानं धरला होता. तेही जुन्या पद्धतीनं, तिपाईवर समोरासमोर बसून, लोखंडी मूठ पोटाच्या रेषेत. सगळे शहाणे लोहार बाजूला बसतात. तो म्हणायचा, बाजूला पाहुणे बसतात.

कडी तापली. आधी काळी, मग सुकलेल्या रक्ताच्या रंगाची, मग संत्र्याच्या. तिनं सांडशीनं ओढून ती ऐरणीवर टाकली आणि सरळ करायला घेतली. प्रत्येक घावागणिक तिच्या आत काहीतरी मोजलं जात होतं. ती मोजत नव्हती, ते आपोआप मोजलं जात होतं. सात वर्षांची असताना पाणी सांडलं म्हणून. नऊ वर्षांची असताना हसली म्हणून. तेरा वर्षांची असताना त्यानं तिचं डोकं पोलाद विझवायच्या पिंपात दाबलं होतं. पाण्यात गंज, तेल आणि तिचे स्वतःचे बुडबुडे, आणि वरून, लांबून, त्याचा आवाज, सुरात, जवळजवळ प्रेमळ: "बोलशील पुन्हा? बोलशील?" डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतं. लोक म्हणतात, घणानं. तीही म्हणते, घणानं. आणि आईची वेणी. काळीभोर, कमरेपर्यंत. एका संध्याकाळी त्यानं ती बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घातली, दांडा फिरवून आवळली आणि जेवायला निघून गेला. आई वाकून उभी राहिली, कपाळ बाकाला टेकवून, जणू लोखंडाचा वास घेतेय. नेव्यानाच्या हातांत दांडा फिरवायचं बळ नव्हतं. शेवटी तिनं पत्रा कापायच्या कात्रीनं वेणी कापली, आणि त्यासाठी दोघींनी वेगळा मार खाल्ला. आई गेली तेव्हा तिचे केस कानांपर्यंतच होते. पुन्हा वाढवलेच नाहीत तिनं. हातोडा पडत होता, कडी लांबत होती, आणि नेव्यानाला वाटलं, आपण छिन्नी ठोकत नाही, या सगळ्याला धार काढतोय.

"काय गं पोरी, म्हातारा आहे का गेला?" दारातून शेजारच्या बाय मानोलचा आवाज आला आणि सांडशी तिच्या हातातून सुटता सुटता राहिली. मानोल चुलत्याच्या वयाचा, म्हणून 'बाय', म्हणजे दादा, गल्लीतला सगळ्यात थोराड आणि सगळ्यात वाचाळ लोहार. मागून स्टामात उत्तरला, "तुला खांदा दिल्याशिवाय जात नाही मी. काय हवंय?"

"मोठी सांडशी दे. माझीचे दात पडले."

"तुझे पडले तरी बोलणं थांबलं नाही, तिचं कशाला थांबतंय? घे, आणि परत आण. मागची अजून तुझ्या बायकोच्या चुलीत आहे."

मानोल हसला, आत आला, आणि नेव्यानाच्या ऐरणीवर वाकला. "हे कडीचं आहे की काय?" त्यानं भुवया चढवल्या. "छिन्नीला? हलक्या हातानं गं बाई. कडी म्हणजे सासू, पाणी नीट उतरवलं नाही तर जीव घेते."

"ठाऊक आहे, बाय मानोल," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला. मानोल सांडशी खांद्यावर टाकून गेला, आणि ती त्याच्या पाठीकडं बघत राहिली. आता एका माणसाला माहीत होतं की तिला ठाऊक आहे. तरी तिचे हात थांबले नाहीत. तिनं छिन्नी शेवटची तापवली, चेरीसारखी लाल, आणि पिंपात बुडवली. पाणी किंचाळलं. त्याच पिंपातलं पाणी. वाफ तिच्या तोंडावर आली. तिनं तोंड बाजूला घेतलं नाही.

यानंतर जे करायचं ते रोजच्या स्वयंपाकासारखं ठरलेलं. धार दगडानं घासून उजळ करायची, तापलेल्या लोखंडाच्या पाटीवर हळूहळू ऊब द्यायची, आणि बघत राहायचं. उजळ पोलादावर रंग चढत येतात, आधी पेंढ्याचा पिवळा, मग तपकिरी, मग कबुतराच्या मानेचा जांभळा, मग निळा. छिन्नीला जांभळ्यावर थांबवायचं. तेवढ्यानं काचेचं पोलाद होतं. नेव्यानाला हे रंग नेहमी देखणे वाटत आलेले. राडा तान्ही असताना आंघोळीनंतर तिच्या अंगावर तांबूसपणा चढायचा, तसे हळूच कुठूनसे येणारे. आज तिनं पाटी तापवली नाही. छिन्नी पांढुरकी, गार, काचेसारखी तिच्या तळहातावर पडून होती. त्याला काही कळणारसुद्धा नाही, तिच्या मनात आलं, आणि मग लगेच, तिला स्वतःलाच धक्का बसेल इतक्या लगेच: का कळू नये?

"झाली का?" स्टामात विचारत होता. गज भट्टीत पांढरा होत आला होता. त्यानं मोटर चालू केली, आणि जमीन, तिपाई, तिचे गुडघे, दात, सगळं नेहमीसारखं बारीक थरथरू लागलं. तिनं छिन्नी त्याच्या हातात दिली. तो तिपाईवर बसला, समोरासमोर. तिनं गज ओढून घणाच्या ठोकळ्यावर ठेवला, एक टोक घोडीवर टेकवलं, आणि पाय पायपट्टीवर ठेवला. तीच पट्टी, जिच्यावर सकाळी लाल बूट होता. स्टामातनं छिन्नी गजावर न टेकवता वर उचलली, खिडकीच्या धुरकट उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. त्यानं डोळे बारीक केले. नेव्यानाच्या छातीत घण पडायच्या आधीच पडला. आता दिसणार. पन्नास वर्षं लोहारकाम केलेला माणूस, त्याला रंग नाही हे दिसणारच.

"कुठल्या रंगावर थांबवलीस?" त्यानं विचारलं.

ती बघतच राहिली. त्याच्या बुबुळांवर दुधाच्या सायीसारखं काहीतरी होतं. ते कधीपासून होतं? गेल्या वर्षभरात त्यानं एकदाही स्वतः पाणी उतरवलं नव्हतं. 'तू कर, आता तुला कळतं.' ते कौतुक नव्हतं, सोपवणंही नव्हतं. त्याला रंग दिसत नव्हते.

"बहिरी झालीस का? कुठल्या रंगावर?"

म्हणजे एवढंच. पिंप, वेणी, कान, चौतीस वर्षं, सगळं येऊन एका शब्दावर टेकलं होतं. जांभळा. तीन अक्षरं. म्हटलं की तो छिन्नी टेकवणार, 'दे' म्हणणार, आणि उरलेलं काम घण करील. तिनं तोंड उघडलं. तिला कळेना की हा शब्द आपल्याला जड का जातोय. सकाळी 'थंडीनं' म्हणताना तर काहीच जड गेलं नव्हतं.

"रंगच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी उतरवलंच नाही. कडीचं आहे आणि उतरवलेलं नाही."

"विसरलीस?"

इथंही एक फट होती, आणि ती त्यानंच उघडून दिली होती. "नाही," ती म्हणाली. "विसरले नाही."

घणाचा भाता फुसफुसत होता. स्टामात हातातल्या छिन्नीकडं बघत राहिला, मग आपल्या पोटाकडं, मग गेंचोच्या दुकानाच्या दिशेनं, भिंतीकडं. त्याला समजायला वेळ लागला नाही. तो उठला. त्याचा उजवा हात वर गेला, उघडा, आडवा, आणि नेव्यानाचं अंग जन्मापासूनच्या सवयीनं आक्रसायला निघालं. या वेळी ते निम्म्यात थांबलं. तिनं त्याच्या डाव्या हातातून छिन्नी काढून घेतली, त्याच्या बाजूनं वळसा घेतला आणि त्याच्याच तिपाईवर जाऊन बसली, समोरासमोर. लोखंडी मूठ दोन्ही हातांनी धरली, आणि धार लाल गजावर टेकवली. मुठीचं टोक तिच्या पोटाला लागत होतं, जिथं राडा नऊ महिने होती बरोबर तिथं.

"पहिला घाव करणाऱ्याचा," ती म्हणाली. "रीत आहे. पाय ठेवा."

"ऊठ तिथून."

"मारा, ताते," ती बापाला म्हणाली. "तुम्हाला येतं की."

"ऊठ म्हणतोय ना, भवाने!"

"मोटर चालूय, गज लाल आहे. आईला मारताना कधी इतका वेळ लागला नाही. राडाला तर सकाळी दोन ढांगा पुरल्या. मारा."

त्याचा पाय पट्टीवर आला. खरंच आला. वरचा ठोकळा हलकेच खाली झुकला, वर गेला, पुन्हा झुकला, छिन्नीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, मान हलवणाऱ्या जनावरासारखा, आणि नेव्यानानं त्याच्या तेलकट तोंडाकडं बघितलं. भीती वाटत होती. इतकी की कान पूर्ण मिटले आणि घणाचा आवाज नुसता हाडांतून येऊ लागला. राडाला बाराला आणायचं असतं, तिच्या मनात आलं. तिला पायमोजे उलटे घालून सोडलंय आपण. कुणी नीट करील का? गज लालचा काळपट झाला. "थंड होतंय," ती म्हणाली. "थंडावर मारलं तर आणखी लवकर फुटेल." म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम नाकाशी आला आणि तसाच लोंबत राहिला. मग पाय मागं गेला. त्यानं भिंतीशी जाऊन कळ खाली ओढली. मोटर लांबलचक उसासा टाकत थांबली, आणि जी शांतता आली तिच्यात प्रथम कोळशांचं तडतडणं ऐकू आलं, मग गल्लीतल्या मानोलचं कुणालातरी शिव्या देणं, मग म्हाताऱ्याचा श्वास.

"तुझी आई," तो भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला, "अशी कधी बसली नाही." त्यात तक्रार होती की काय होतं, कळायला मार्ग नव्हता. नेव्यानाला वाटलं होतं, इथं काहीतरी येईल, एखादा शब्द. आला नाही.

ती उठली. तिनं छिन्नी ऐरणीच्या कडेवर आडवी ठेवली, तोंड वळवलं आणि मोठ्या हातोड्यानं एकच घाव घातला. आवाज झाला तो लोखंडाचा नव्हताच, हिवाळ्यात फांदी मोडावी तसा कोरडा. छिन्नीचे दोन तुकडे झाले आणि तिसरं काहीतरी तिच्या बाहीजवळून शीळ घालत गेलं आणि दाराच्या फळीत घुसलं. फळीवर मसुराएवढं भोक. दोघांनीही त्याच्याकडं पाहिलं.

"राडा इथं पुन्हा येणार नाही," ती एप्रनची गाठ सोडता सोडता म्हणाली. गाठ सुटेना, तिनं ती ओढून तोडली. "मीही नाही."

"जाशील कुठं? पोट कशावर भरशील?"

"या शहरात घण काय एकच आहे?"

तिनं कोट घेतला, टोपी घेतली. बोटांवर काजळी होती, ती धुवायला पिंपाशी गेली आणि हात न घालताच परत फिरली. तशाच काळ्या हातांनी. दारात पोचली तेव्हा मागं किणकिण झाली म्हणून तिनं मान वळवली. म्हातारा ऐरणीपाशी गुडघ्यांवर बसला होता आणि तुटलेला एक तुकडा त्याच्या हातात होता. तो त्याच्या तुटीवरून अंगठा फिरवत होता, सावकाश, पुन्हा पुन्हा, जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटानं वाचत. तूट बारीक असणार, राखाडी, मखमलीसारखी. तशी फार थोड्यांची येते.

"पाणी मात्र झकास बसलं होतं," तो म्हणाला. तिला नव्हे, तुकड्याला. "माझ्या हातूनही असं बसलं नसतं."

ती बाहेर पडली. धुकं विरलं नव्हतं. बाराला अजून पाऊण तास होता, तरी ती जवळजवळ पळत होती, आणि पुलावर पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं की आपल्या छातीत कुठंतरी ऊब आहे, लहान, लाजिरवाणी, त्या वाक्याची. चौतीस वर्षांत त्याच्या तोंडचं पहिलंच कौतुक. तिनं ती झटकायचा प्रयत्न केला, दात आवळले, कठड्यावर काळी मूठ आपटली, कातडं निघालं. ऊब काही गेली नाही. ती तशीच घेऊन ती मुलीकडं निघाली.